एकेचाळिसावं झबलं

नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक फोटो लॅब आहे. योगिनी तिथे अकरा वर्षं लग्नाचे अल्बम बनवत होती. नवरीच्या मावशीची साडी नवरीपेक्षा भडक आली तर ती फिकी करायची, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पुसायचा, लासलगावच्या मांडवात उडालेली धूळ साफ करायची, असली कामं. रंग बदलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ती लपवतही नसे.

दुपारचा डबा झाला की ती स्वतःचं काम उघडायची. कॉम्प्युटरवर खेळायचा एक घरसंसाराचा खेळ आहे. माणसं बनवायची, घर बांधायचं, पोरंबाळं वाढवायची. खेळ कंपनीचा, पण त्यातल्या बाहुल्यांना घालायचे कपडे कुणीही बनवून जगाला देऊ शकतं. त्याला मॉड म्हणतात. कपडा म्हणजे खरं तर एक सपाट चित्र. पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या, सगळं सुटं सुटं, शिंप्यानं बेतून ठेवल्यासारखं. खेळ ते चित्र बाहुलीच्या अंगावर गुंडाळतो. रंग बदलायचा तर चित्र फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं आणि रंगाची पट्टी सरकवायची, की लालाचं हिरवं होतं.

या चित्रांमागचे खरे कपडे मात्र तिच्या आईचे होते. चतुराबाई मूळची नांदगावची. लग्न होऊन सिडकोत पवननगरला आली आणि चाळीस वर्षं फक्त तान्ह्या बाळांचे कपडे शिवत राहिली. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी. प्रत्येक कपड्यावर कुठेतरी ती काळ्या दोऱ्याची एक बारीक गाठ मारायची. तिची जागा ठरलेली नसे. कधी काखेत, कधी काठाला, कधी ऐन छातीवर. त्या गाठीला ती तीटच म्हणायची. बाळाच्या गालावर काजळाची लावतात तशी, कापडाची तीट.

"एक तरी न्यून पायजे," ती सांगायची. "बघणाऱ्याची नजर पयली तिथं अडकती. पोरावर जात नाय."

शेवटच्या आजारपणात तिने एकेचाळीस कपडे शिवले. हात थरथरायचे, पण टाका वाकडा गेला नाही. योगिनीने एकेक कपडा लॅबच्या स्कॅनरवर पसरून घेतला, त्याची चित्रं बनवली आणि सगळा संच जगाला फुकट देऊन टाकला. संचाचं नाव ठेवलं 'बाळंतविडा', खाली आईचं नाव. कुठल्या तरी परदेशी घराच्या अंगणात, बर्फात, गोरं बाहुलं आपली कुंची घालून रांगतंय हे बघून चतुराबाई खाटेवर हसत सुटायची.

आणखी एका गोष्टीचं तिला कौतुक होतं. पट्टी कुठेही सरकवा, कापड निळं होवो नाहीतर पिवळं, तीट काळीच राहायची. काळ्यात रंगच नसतो, मग पट्टी बदलणार काय?

शेवटचा, एकेचाळिसावा कपडा बोरन्हाणाचा होता. संक्रांतीला तान्ह्याला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं ओततात. स्कॅन करताना योगिनीच्या लक्षात आलं की त्यावर गाठ नाही.

"आई, यावर तीट राहिली."

"काळ्याला तीट कशाला लागती?" चतुराबाई म्हणाली. "आख्खं झबलंच तीट हाय ते."

आषाढात ती गेली.

*

अश्विन लॅबमध्ये योगिनीच्या शेजारच्या खुर्चीवर तीन वर्षं बसला होता. माउस कसा धरायचा इथपासून तिने त्याला शिकवलं. पोरगा हुशार, बोलायला गोड, योगिनीताई योगिनीताई करत मागे-पुढे असायचा. पावसाळ्यात त्याने लॅब सोडली. त्याला मुलगी झाली होती, आता घरूनच काम करणार म्हणाला. चतुराबाई नव्हती म्हणून योगिनीने आपल्या हाताने त्या बाळाला दुपटं नेऊन दिलं. मुलीचं नाव तेजल.

नवरात्रात योगिनीला त्या खेळाच्या साइटवर एक नवा संच दिसला. 'पेस्टल बेबी कलेक्शन', एकेचाळीस नग. फिकट गुलाबी, पुदिन्याचा हिरवा, आभाळी. एकेक टाका तिने ओळखला. तिच्या आईच्या हातचा टाका तिला डोळे मिटूनही ओळखू आला असता. नाव अश्विनचं, आणि खाली लिहिलेलं की सगळं काम मुळापासून स्वतःचं. हजारो लोकांनी तो डाउनलोड केला होता. त्या जोरावर पुण्याच्या एका गेम कंपनीने त्याला नोकरीला बोलावलं होतं.

आणि एकाही कपड्यावर तीट नव्हती. शेजारचं कापड उचलून त्याने ती सफाईने बुजवली होती. ही युक्तीही योगिनीनेच त्याला शिकवली होती.

रागाच्या भरात तिने आपला मूळ संच साइटवरून काढून टाकला. मग त्याला लॅबखालच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. भर दुपार होती, रस्त्यावर फटाक्यांच्या दुकानांचे मांडव उभे राहत होते.

"ताई, रिकलर तर सगळेच करतात," अश्विन म्हणाला. त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं. "आणि मी नुसता रंग नाही बदलला. प्रत्येक कपड्यावर एक डाग होता, तो साफ केला. इम्प्रूव्हमेंटच आहे ना?"

"डाग?"

"हो ना. काळा काळा. स्कॅनरच्या काचेवर काहीतरी असणार."

योगिनीने चहाचा ग्लास खाली ठेवला. तिला त्याच्या थोबाडीत द्यायची होती. तिने दिली नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की तेव्हाच दिली असती तर बरं झालं असतं.

"साफ केलंस ना?" ती म्हणाली. "मग तुझंही सगळं साफच राहू दे."

अश्विन हसला. आशीर्वाद समजला असावा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये माउस धरला तेव्हा तिचा उजवा अंगठा काळा दिसला. फार नाही, टोकाला, टिकलीएवढा.

"टोनर लागलंय तुला, योगे," प्रिंटरवरचा चंदर म्हणाला. दोघं एकाच वर्षी कामाला लागले होते. त्याने मशीन पुसायचं रॉकेलचं फडकं तिच्याकडे टाकलं. "कार्ट्रिज बदलताना हात लावलास का?"

तिने लावला नव्हता. पण लॅबमध्ये राहायचं आणि हात काळे होऊ द्यायचे नाहीत, हे कुणाला जमतं? तिने अंगठा पुसला. दुपारी पुन्हा काळा. तिसऱ्या दिवशीही. एकदा डबा खाताना तिला त्या बोटाला किंचित तुपाचा वास आला. डब्यात त्या दिवशी नुसती मेथीची भाजी होती.

अश्विनच्या संचाखाली लोक काय लिहितात ते ती रोज वाचायची. जखमेची खपली काढल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. दिवाळीपर्यंत सगळं कौतुकच होतं. मग एकाने लिहिलं, हे कपडे बाळाला घातले की घरातली बाकीची माणसं काम सोडून बाळाभोवती उभी राहतात, हा बिघाड कसा काढायचा? त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, माझ्याकडेही. तिसऱ्याकडे पोस्टमन घरात शिरला होता.

योगिनीला हे पटलं नाही. कपडा म्हणजे चित्र. चित्र माणसांना चालवत नाही. रंग बदलल्याने कुणाचे पाय हलत नाहीत, हे ती अकरा वर्षं जाणून होती. म्हणून तिने स्वतःच अश्विनचा संच आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि एका बाहुलीच्या बाळाला फिकट गुलाबी कुंची घातली.

आधी आई आली. मग बाप, हातातलं पातेलं तसंच धरून. शेजारीण आली. रस्त्यावर पळणारा एक माणूस थांबला, फाटक उघडून आत आला. सात जणांनी पाळण्याभोवती कडं केलं. कुणी बोलत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं. खेळातल्या बाहुल्या पापण्या मिटतात, या मिटत नव्हत्या. सगळ्या बाळाकडे बघत होत्या. बाळ रडत होतं आणि एकही जण वाकून त्याला घेत नव्हता.

योगिनीने आपल्या जुन्या फाइलीतली आईची कुंची काढली आणि बाळाला घातली. कानाशी काळी गाठ असलेली.

सातही जण वळले आणि आपापल्या कामाला गेले.

तिने हे चारदा करून पाहिलं. चारही वेळा तसंच झालं. तिला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. अगदी पोटातून, दिवाळीतला पहिला फटाका आपला लागावा तसा. "बस आता निस्तरत," ती मोठ्याने म्हणाली. चंदरने मशीनवरून मान वर करून पाहिलं.

*

नोव्हेंबरच्या शेवटी अश्विन लॅबमध्ये आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली. पुण्याच्या नोकरीची तारीख त्याने पुढे ढकलली होती. योगिनीने त्याला बसही म्हटलं नाही.

"ताई, तेजलला बरं नाहीये."

"डॉक्टरकडे ने."

"तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणतात, काही नाही. पण ती दूध घेत नाही. वजन उतरतंय. आणि लोक…" तो थांबला. "लोक बघतात तिच्याकडे. लस द्यायला गेलो तर रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघत बसल्या. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायचं विसरून उभा राहिला. मी आधी खूश होतो, वाटलं गोड आहे म्हणून बघतात. पण ते हसत नाहीत गं. नुसते बघतात."

योगिनी पडद्यावरचा अल्बम पुढे सरकवत राहिली.

"माझ्या सासूबाई म्हणतात दृष्ट आहे. मी असलं मानत नाही, तुला माहितीये. पण त्या घरीच तुपाच्या दिव्यावर काजळ धरतात, रोज सकाळी तेजलच्या गालाला तीट लावतात. तासाभरात गाल साफ. पुसल्याची खूणसुद्धा नाही. काल मी स्वतः समोर बसून राहिलो. एकदा तिच्यावरनं नजर हलली माझी, एकदाच. परत बघतो तर नाही."

योगिनीने उजवा हात टेबलाखाली घेतला आणि मूठ आवळली.

"मी त्या कमेंटही वाचल्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "ते डाग काय होते, ताई?"

तिने त्याला सांगितलं. अश्विनने ऐकून घेतलं आणि तो रडायला लागला. बावीस मेगापिक्सेलच्या नवऱ्या-नवरदेवांमध्ये बसून बाप्या माणूस रडत होता, आणि योगिनीला त्याची दया येत नव्हती. बाळाची येत होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

"मूळ फाइली मी देणार नाही," ती म्हणाली. "रविवारी ये. मी जागा सांगेन, तू तुझ्या हाताने एकेक तीट परत लाव. वर माझ्या आईचं नाव घाल, आणि काम तुझं नाही हे लिही."

रविवारी लॅब बंद असते. चंदरकडून किल्ली घेऊन तिने दार उघडलं. अश्विन आपल्या जुन्या खुर्चीवर बसला, ती शेजारी. तिच्या मांडीवर आईची वही होती. कुठला कपडा, कुठली गाठ, सगळं त्यात होतं. ती वाचत गेली. उजव्या बाहीची शिवण. टोपड्याचा बंद. दुपट्याचा खालचा कोपरा. अश्विन एकेक काळा ठिपका ठेवत गेला. पहिल्यांदा त्याचा हात घाईत होता, मग सावकाश झाला. चाळिसावा ठिपका झाला तेव्हा खाली भांडीवाल्याने दुपारची विश्रांती उरकून शटर वर केलं होतं.

"एकेचाळीस नग आहेत," अश्विन म्हणाला. "ते काळं झबलं राहिलं. त्यावर पट्टी चालेना म्हणून मी सगळा रंग उडवून वरून गुलाबी चढवला होता. त्यावर कुठे होती?"

"त्यावर आईनं लावलीच नव्हती," योगिनी म्हणाली.

हे खरं होतं. याच्या पुढचं वाक्यही तिच्या जिभेवर होतं. काळ्याला तीट लागत नाही, आख्खं झबलंच तीट, ते परत काळं कर. सांगायला तिने तोंड उघडलंही होतं. वर पडद्यावर तिच्या आईचं नाव आलं होतं, हवं ते तिला मिळालं होतं, आणि बाळ तीन महिन्यांचं होतं.

अश्विनने खुर्ची मागे ढकलली आणि आळस दिला. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"चला," तो म्हणाला. "लागले एकदाचे सगळे डाग."

योगिनीने तोंड मिटलं.

*

डिसेंबरभर तिचा अंगठा स्वच्छ राहिला. तेजल दूध प्यायला लागली, अश्विन अधूनमधून फोटो पाठवायचा. गालावर तीट, टपोरी, जागच्या जागी. साइटवर कुणाची तक्रार येत नव्हती. लोक चतुराबाई कोण म्हणून विचारत होते. योगिनीला रात्री झोप चांगली लागायची. काळं झबलं तिला आठवायचं नाही असं नाही. आठवायचं, आणि ती दुसरं काहीतरी काम काढायची. अश्विनने विचारलं तर सांगू, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. त्याने विचारलं नाही.

पौष लागला. लग्नं थांबली, लॅबमध्ये काम नव्हतं. संक्रांतीच्या दिवशी ती आणि चंदर दोघंच होते. खिडकीबाहेर गच्च्यांवर पोरांचा कालवा होता, एक कटलेला पतंग विजेच्या तारेवर फडफडत होता. चंदरने तिळाचा लाडू तिच्या टेबलावर ठेवला.

फोन वाजला. अश्विनचा फोटो होता.

"तेजलचं बोरन्हाण!" त्याने लिहिलं होतं. "ताई, तुझ्या आईंच्या नमुन्यावरूनच शिवून घेतलं. काळं झबलं कसं दिसतंय सांग."

योगिनीने फोटो मोठा केला.

झबलं गुलाबी होतं. फिकट गुलाबी. अश्विनने चढवलेली तीच छटा, तिचे कॉम्प्युटरवरचे आकडे योगिनीला पाठ होते.

तिने फोन खिडकीकडे धरला. उन्हात धरला. गुलाबीच.

"चंदर, हा रंग कोणता रे?"

"काळा," चंदर लांबूनच म्हणाला. "का?"

पाटावर आईच्या मांडीत तेजल होती, गळ्यात हलव्याची माळ, गालावर तीट. भोवती बोरं, उसाचे करवे, चुरमुरे सांडले होते. बोलावलेली आठ-दहा पोरं कडेने उभी होती. बोरं लुटायला आलेली पोरं, पण एकही खाली वाकलेलं नव्हतं. बायकांच्या हातात आरतीचं तबक होतं आणि ते हलत नव्हतं.

सगळे बाळाकडे बघत होते.

योगिनीने लिहिलं, "झबलं उतरव. आत्ताच्या आत्ता."

पाठवायचं बटण अंगठ्याखाली होतं.

लागले एकदाचे सगळे डाग. तो कसा हसला होता, ते तिला दिसलं. आईचे थरथरणारे हात दिसले. सुईत दोरा ओवायला आईला शेवटी दहा-दहा मिनिटं लागायची.

तिने लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं.

मग लिहिलं, "किती गोड दिसतंय बाळ. दृष्ट लागेल हं."

आणि पाठवलं.

फोटो अजून समोरच होता. तेजलचा गाल स्वच्छ होता. तिथे काही लावलं होतं याची खूणही नव्हती.

मग फोन खाली ठेवून तिने लाडवाकडे हात नेला.

"अगं, हात बघ तुझे," चंदर म्हणाला. सवयीने त्याने रॉकेलचं फडकं उचललं.

दोन्ही तळवे काळे होते. बोटं, बोटांच्या बेचक्या, पार मनगटापर्यंत. खोलीभर तुपाचा वास सुटला होता.

चंदर फडकं घेऊन दोन पावलं आला आणि थांबला.

"मशीन तर आठ दिवस बंद आहे, योगे," तो म्हणाला.